बिघाड नसलेले दिवस

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या कंपनीत त्याला सगळे मीटर म्हणत. व्होल्टेज मोजायचा मीटर पट्ट्याने गळ्यात अडकवून तो दिवसभर फिरायचा, जेवतानाही काढायचा नाही. वय बेचाळीस, नोकरीला एकोणीस वर्षं झालेली. साठेक इमारतींच्या गच्चीवरच्या मशीनरूम त्याला स्वतःच्या स्वयंपाकघरापेक्षा जास्त ओळखीच्या होत्या. महिन्यातून एकदा प्रत्येक लिफ्ट तपासायची आणि मशीनरूममधल्या वहीत नोंद करायची. बिघाड सापडला तर तो लिहायचा, नाही सापडला तर फक्त तारीख आणि सही. नीट चाललेल्या यंत्राबद्दल कुणी दोन ओळी खरडत बसत नाही.

ही सवय तो दवाखान्यातही घेऊन गेला.

सात वर्षांत तो तीनदा अंथरुणाला खिळला. ताप नाही, दुखणं नाही. दात घासायला उठायचं तरी अंगात शिसं भरल्यासारखं व्हायचं. एकोणीस वर्षं केलेलं काम आपल्याला मुळात येतच नव्हतं, असं तो भिंतीकडे तोंड करून म्हणायचा. बायको घरी पडदे शिवायची. शिवणयंत्राचा आवाज त्याला सोसेना म्हणून तिने ते उचलून व्हरांड्यात नेलं. तिन्ही वेळा जवळच्या डॉक्टरांनी डिप्रेशन सांगितलं आणि गोळ्या दिल्या. चुकीचं काही नव्हतं. समोर आलेला माणूस तसाच दिसत होता.

मधल्या काळात काय व्हायचं ते कुणी विचारलं नाही आणि यानेही सांगितलं नाही. वर्षाकाठी एक-दोनदा त्याला आठवडा-दीड आठवडा चार तासांची झोप पुरायची. डोळे चुरचुरायचे नाहीत, अंग जड व्हायचं नाही. अशाच एका आठवड्यात त्याने घराची सगळी वायरिंग बदलली. दुसऱ्या एका वेळी वरच्या तीन बिऱ्हाडांचे पंखे उतरवले आणि त्यांतले दोन परत लावले. बोलायला लागला की समोरच्याला घास गिळायलाही सवड मिळायची नाही. बायको बहिणीला फोनवर सांगायची, "आमचे साहेब परत आलेत बाई. घरात पाऊल ठेवायला जागा नाही, पण हसतायत." हे दिवस म्हणजेच खरा मीटर, यावर घरात कुणाचं दुमत नव्हतं.

तिसऱ्या आजारपणानंतर कंपनीने अट घातली. मानसोपचारतज्ज्ञाचा दाखला आण, तोवर एकट्याने काम करायचं नाही, जोडीदार सोबत हवा. जोडीदार म्हणजे त्याच्याहून बारा वर्षांनी मोठा सहकारी. मीटर त्याला दादा म्हणायचा. अट ऐकून मीटरचा चेहरा उतरला. मशीनरूमचं दार आतून लावून एकट्याने बिघाड हुडकणं, यापलीकडे त्याला आयुष्यात फारसं काही नको होतं.

पण त्याच सुमारास गोळ्यांचा डोस वाढला आणि तीन आठवड्यांत त्याची गाडी सुसाट सुटली. एका दिवसात दोन कामं होतात तिथे त्याने चार उरकली. दादा खाली कंपनीतून आलेल्या फोनवर अडकला होता, तेवढ्यात हा वरचं काम एकटाच संपवून मोकळा झाला. आठ मजली कचेरीची इमारत होती. लिफ्ट ताब्यात देण्याआधी दादाने चौथ्या मजल्यावर सहज दार अर्धवट ओढलं आणि बटण दाबलं. लिफ्ट दार उघडं असतानाच हलली.

तसं व्हायला नको. दार बंद नसेल तर लिफ्ट जागची हलू नये म्हणून दाराला स्विच असतो. तपासणीपुरतं त्याला बगल द्यायला तंत्रज्ञ एक आखूड तार जोडतात. काम झालं की ती पहिल्यांदा काढायची.

दादा वर मशीनरूममध्ये गेला. तार जागेवरच होती.

"मीटर, ही काय शोभेला ठेवलीस?"

"राहिली की दादा. काढणारच होतो. बरं ऐका, पाचव्या मजल्याचं ते पॅनेल आहे ना, त्याचं मी डोक्यात नवीनच..."

"एकोणीस वर्षांत तुझी तार राहिलेली मी पाहिली नाही."

"मग आज पाहिलीत. पार्टी द्या."

दादाने तार काढून खिशात घातली. वहीत तारीख टाकली, सही केली. बिघाडाचा रकाना रिकामा ठेवला.

तज्ज्ञ डॉक्टर पन्नाशीच्या बाई होत्या. मीटर खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाला, "दाखला तेवढा द्या. मी ठणठणीत आहे." त्यांनी थायरॉइडची तपासणी लिहून दिली. कारण त्या ग्रंथीच्या बिघाडानेही माणूस असा मलूल किंवा अस्वस्थ होऊ शकतो.

"आणि मनाची टेस्ट?" त्याने विचारलं. "काहीतरी रीडिंग असेलच की."

"रीडिंग नाही. विचारावं लागतं. तुम्हाला, आणि तुम्हाला रोज बघणाऱ्यांना. घरचं कुणी घेऊन या, आणि जमलं तर कामावरचंही."

पुढच्या वेळी बायको आली. तिच्या सांगण्यावरून दादाही आला. रिपोर्ट नॉर्मल होता. डॉक्टरांनी आजारपणाचं काही विचारलंच नाही. चांगल्या दिवसांचं विचारलं. ते किती दिवस टिकतात, झोप किती, कमी झोपूनही दमल्यासारखं वाटतं का, बोलणं वाढतं का, एरवी जपून करता ती कामं तेव्हा कशी होतात.

"ते कशाला विचारताय?" बायको म्हणाली. "तेव्हा यांना काहीच होत नसतं."

"मघाशी सांगितलीत ती घरची वायरिंग किती दिवसांत बदलली?" डॉक्टरांनी विचारलं.

"तीन." ती म्हणाली. "रात्रीचंही चालू होतं. मी म्हणायची, अहो, टेका जरा. तर म्हणायचे, झोप ही आळशी लोकांनी काढलेली पळवाट आहे."

मग डॉक्टरांनी दादाकडे पाहिलं. दादाने जमिनीकडे पाहिलं. इथे बोललं तर याला एकट्याने काम करायची परवानगी परत मिळणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. मीटरलाही.

"चौथ्या मजल्याचं सांगा दादा," मीटर हसत म्हणाला. "नाहीतर मी सांगताना सजवून सांगेन."

दादाने सांगितलं. सजवायला काही नव्हतं, चार वाक्यांत संपलं. ऐकताना मीटरचं हसू ओसरत गेलं. स्वतःची गोष्ट दुसऱ्याच्या तोंडून, साध्या आवाजात, तो पहिल्यांदाच ऐकत होता.

निदान बायपोलर होतं. दोन टोकं असलेला एकच आजार. त्यातलं खालचं टोक उपचाराला येतं, कारण ते दुखतं. वरचं टोक सुखाचं वाटतं म्हणून घरीच राहतं. आणि नुसत्या डिप्रेशनच्या गोळ्या अशा माणसाला कधीकधी वरच्या टोकाला ढकलतात. लिफ्टवरून विनोद नंतर कामावर सगळ्यांनी केले. सांगण्यासारखा एकही नव्हता.

गोळ्या बदलल्या. नव्या गोळीसाठी ठरावीक दिवसांनी रक्त तपासावं लागे. दाखला मिळाला, पण जोडीदारासोबतच काम करावं असं त्यावर लिहिलेलं होतं. मीटर दोन महिने डॉक्टरांवर चिडलेला होता. "पडून होतो तो आजार, कबूल. पण माझे चांगले दिवस पण आजारच? मग माझं असं उरलं काय?"  ते दिवस बायकोलाही आवडायचे. ते जातील याचं वाईट वाटतं, हे तिने कुणाला सांगितलं नाही.

नव्या गोळ्या सुरू झाल्यापासून आठव्या महिन्यात नवा दाखला आला, अट काढलेली. कंपनीच्या साहेबांनी त्याला केबिनमध्ये बोलावलं. नदीपलीकडच्या बारा इमारती एकट्याने सांभाळायला माणूस हवा होता.

"सोमवारपासून जा. काय म्हणतोस?"

मीटरला ते काम हवं होतं. त्या आठवड्यात त्याला सगळंच हवं होतं. कल्पना एकामागून एक सुचत होत्या, अंग पिसासारखं हलकं झालं होतं आणि सलग तिसऱ्या दिवशी चार तासांच्या झोपेवर तो ताजातवाना केबिनमध्ये उभा होता.

"आत्ता नको साहेब," तो म्हणाला. "तीन दिवस फार बरं वाटतंय. आधी डॉक्टरांना फोन करतो."

साहेबांना त्यातलं काही कळलं नाही. बरं वाटतंय म्हणून काम नाकारणारा माणूस त्यांनी पाहिला नव्हता. बारा इमारती दुसऱ्याला गेल्या. बाहेर येऊन मीटरने फोन लावला. तो उचलला जाईपर्यंत त्याने बाकावर बसायचा दोनदा प्रयत्न केला, पण त्याला बसवेना.