पुटे चढलेली बोटे आणि तीन फोन

पंचवटीच्या फुलबाजारात नवसाबाई तिडके यांची एक सवय साऱ्यांना ठाऊक होती. सणाच्या दिवसांत स्वतःची फुले कमी पडली, की मोठी मागणी पुरवण्यासाठी त्या दुसऱ्याचा माल विकत घेत. पाटीच्या वरच्या थरातली टपोरी फुले मात्र त्या बघतच नसत. पाटी दोन्ही हातांनी उचलून सरळ गोणपाटावर उलटी करीत आणि तळाची फुले वर आली, की मग भावाचे बोलत. विकणारा कधी चिडे.

"मावशी, इश्वास नाय का?"

"हाय ना बाबा. म्हणून तर तुझ्यासमोर उलटी करते. नसता तर तुझ्या पाठीमागं केली असती."

नवसाबाईंचे वय त्रेपन्न, शिक्षण सातवीपर्यंतचे, आणि मखमलाबादच्या शिवारात दीड एकरावर झेंडू आणि शेवंती. परिसरातल्या चव्वेचाळीस बायकांनी मिळून जी फूल-भाजी उत्पादक कंपनी काढली होती, तिच्या त्या अध्यक्ष होत्या. कंपनी काढण्यामागे एक साधे आणि कठोर निरीक्षण होते. वाफा बाई करते, खुडणी बाई करते, क्रेट बाई भरते. पण भाव फोनवर ठरतो आणि फोन पुरुषाच्या खिशात असतो. व्यापारी मालकाला फोन करतो, मालक पारावर बसून होकार देतो, आणि जिचा माल आहे तिला भाव संध्याकाळी कळतो.

म्हणून एका संस्थेने प्रत्येक सभासद बाईसाठी स्मार्टफोन देऊ केला, तेव्हा नवसाबाईंना ती केवळ देणगी वाटली नाही. बाईने स्वतःच्या बोटाने फोन उघडावा, शेतातूनच मालाची नोंद कंपनीच्या ॲपवर करावी आणि व्यापाऱ्याने तिच्याशीच बोलावे, अशी योजना होती. फोन बाईच्या हातात टिकला, तर कंपनी बायकांची. हाताळता आला नाही, तर तो आठवडाभरात नवऱ्याच्या किंवा पोराच्या खिशात जाणार आणि बायकांचे फक्त नाव उरणार. संस्थेची अट एवढीच होती, की सर्वांना एकच फोन आणि निवड कंपनीने करायची.

कंपनीची व्यवस्थापक साक्षी कृषी पदवीधर होती आणि कामाला चोख होती. बाजारात सर्वाधिक खपणारे तीन फोन तिने निवडले, एका दुकानातून ते आठ दिवसांसाठी मागून आणले आणि त्यांचा एक तक्ता तयार केला. कॅमेरा, बॅटरी, प्रोसेसर, स्क्रीनचा आकार, लोकांनी इंटरनेटवर दिलेले तारे. फोन बनवणाऱ्यांच्या नावाला कुणी भुलू नये म्हणून नवसाबाईंनी क्रेट ओळखायला बांधतात तशा चिंध्या फोनांना गुंडाळायला लावल्या : एकाला लाल, एकाला पिवळी, एकाला हिरवी. तक्त्यात लाल पहिला होता. कडांपर्यंत वळलेली काचेची स्क्रीन, अप्रतिम कॅमेरा. हिरवा शेवटी होता.

पहिली चाचणी शाळेच्या ओट्यावर झाली. आदल्या दिवशी नवसाबाईंनी घरोघर निरोप धाडला होता, "हात साबणानं घासून या गं. महागाची वस्तू हाय, डाग नको लागायला." बायका इस्त्रीच्या साड्या नेसून आल्या. लिंबू चोळून चोळून कित्येकींनी बोटे गुलाबी केली होती. साक्षीने एकेकीचे बोट नोंदवून पाहिले, तेव्हा तिन्ही फोनांनी सगळ्यांची बोटे ओळखली, तिन्हींनी फोटो काढले, आणि लालचा फोटो पाहून बायकांच्या तोंडून कौतुकाचा सूर निघाला. कोपऱ्यात मालनबाई नावाच्या सभासदाऐवजी त्यांचे यजमान कारभारी येऊन बसले होते. ते हसून म्हणाले,

"वहिनी, लालच घ्या. बाया काय दोन दिस खेळतील न् ठेवून देतील. मंग आमच्या पोरांना तरी भारी फोन भेटंल."

"भाऊ, तुम्हाला आत्ताच वास आला वाटतं?" नवसाबाई म्हणाल्या. सगळे हसले. पण नवसाबाईंना ते बोलणे दिवसभर टोचत राहिले.

निवडीची सभा सोमवारी ठरली. लाल फोन वापरून पाहण्यासाठी त्या घरी घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी दहाच्या सुमारास दोन तास झेंडू खुडून झाल्यावर त्यांनी भरलेल्या क्रेटचा फोटो काढायला फोन हातात घेतला. बोट ठेवले, ओळखले नाही. दुसरे ठेवले, नाही. पाटाच्या पाण्यात हात धुतला, तर ओल्या बोटाला तो आणखीच नाकारू लागला. झेंडू खुडणाऱ्या हातावर हिरवट-काळी पुटे चढतात. ती पाण्याने जात नाहीत, आणि वर्षानुवर्षांच्या कामाने बोटांवरच्या रेषाही झिजून जातात. आकडे दाबून कसाबसा फोन उघडला, तर उन्हात स्क्रीनवर स्वतःचाच चेहरा दिसू लागला. धरताना तळवा वळलेल्या काचेला लागे आणि भलतेच काही उघडे. पाच मिनिटे झटून त्यांनी तो पिशवीत टाकला आणि बांधावर बसल्या.

चूक फोनाची नव्हती. चूक त्यांची होती, आणि ती त्यांच्या लगेच ध्यानात आली. ज्यांच्या हातांची परीक्षा घ्यायची, त्यांनाच त्यांनी हात बदलून यायला सांगितले होते. महाग वस्तूपुढे आपले कष्टाचे हात लपवण्याची ही सवय इतकी जुनी होती, की ते लपवणे आहे हेही कुणाला जाणवत नसे. जन्मभर दुसऱ्यांच्या पाट्या उलटवणाऱ्या बाईने स्वतःच्या मैत्रिणींना मात्र वरचा थर मांडून ठेवायला लावले होते.

दुपारी माल टाकून झाल्यावर त्या पंचवटीतल्या इब्राहिमच्या दुकानात गेल्या. मूळचा मालेगावचा इब्राहिम वीस वर्षे मोबाइल दुरुस्त करीत होता. नवसाबाईंचा जुना बटणांचा फोन त्याने तीनदा जिवंत केला होता.

"इब्राहिमभाई, तीनातला चांगला फोन कोणता ते विचारायला नाय आले. तुझ्याकडं शेतकऱ्याचे फोन कशानं बिघडून येतात, तेवढं सांग."

इब्राहिमने भिंगाचा चष्मा कपाळावर सरकवला. "ये हुई ना बात! मावशी, लोक मला विचारतात कॅमेरा कितीचा. असं कोणी विचारत नाही. माती जाते चार्जिंगच्या भोकात. घामानं स्पीकरची जाळी बुजते. वळलेली काच पडली, की गेली. आणि बोटाचा सेन्सर काचेखाली असला तर मळक्या हाताला त्रास देतो, बाजूच्या बटणात असला तर बरा. बाकी तुम्ही स्वतः बघा, माझ्यावर भरोसा नका ठेवू."

"तुझ्यावर नाय ठेवत. पाटी उलटीच करणार हाय."

"मला माहीत आहे. तुम्ही माझ्या चहाचा कप पण उलटा करून बघाल," इब्राहिम म्हणाला आणि चहा मागवला.

रविवारी दुसरी चाचणी झाली ती नवसाबाईंच्या शेतात, भर उन्हात, खुडणी चालू असताना. यावेळी निरोप उलटा होता, "हात धुवाल तर माघारी पाठवीन." नऊ बायका तासभर खुडून, तशाच काळ्या हातांनी बांधावर जमल्या. प्रत्येकीने तिन्ही फोनांवर तीच चार कामे करायची होती : बोट नोंदवून फोन उघडणे, क्रेटचा फोटो काढणे, आपल्या बोलीत मालाची नोंद बोलून करणे, आणि शेजारी पंप चालू असताना व्यापाऱ्याचे बोलणे ऐकणे. व्यापारी झाली होती साक्षी. ती विहिरीपलीकडून फोन करीत होती.

लालने नऊपैकी सात जणींना बाहेरच उभे केले. पिवळ्याने बोटे बरी ओळखली. पण पंपाच्या आवाजात त्याचा आवाज बुडाला. एक बाई कानाला लावून ओरडली, "अगं साक्षी, तू विहिरीत पडलीस काय?" तमाशा बघायला कारभारीही आले होते. नवसाबाईंनी त्यांच्या हातात लाल फोन दिला आणि बोट नोंदवून बघायला सांगितले. सकाळपासून पिकाला पाणी भरणाऱ्या त्या हातालाही फोनने दाद दिली नाही.

"भाऊ, तुम्हालाबी वळखत नाय व्हय? मोठ्या घरचा दिसतोय!" एक बाई म्हणाली. कारभारींनी फोन झटकन परत दिला.

हिरव्याचा सेन्सर बाजूच्या बटणात होता. नऊपैकी आठ जणींची बोटे त्याने ओळखली. स्क्रीन सपाट होती आणि उन्हात दिसत होती. "तीस किलो झेंडू हाय, लय ताजा" हे बोलणे त्याने जसेच्या तसे लिहून घेतले. फोटो साधा आला, पण फूल ओळखू येत होते.

मालनबाईंचे बोट मात्र हिरव्यानेही ओळखले नाही. त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या आणि बोटांची टोके पार गुळगुळीत झाली होती. बोटाऐवजी दाबायचे आकडे लक्षात राहत नाहीत, असे त्यांनी आधीच सांगितले होते. त्या मागे सरल्या. "जाऊ दे नवसा. माझं कारभारीच बघतील."

नेमके हेच नवसाबाईंना होऊ द्यायचे नव्हते. त्यांनी साक्षीला विहिरीपलीकडून हाक मारून बोलावले. "बोट नाय, आकडा नाय, अजून काय रस्ता हाय का याला?"

साक्षीने सेटिंगमध्ये जाऊन नऊ ठिपके आणले आणि त्यांवरून रेघ ओढायची असते हे दाखवले. मालनबाईंनी वाकून पाहिले. "एवढंच? ही तर ठिपक्याची रांगोळी. रोज दारात काढते की मी." त्यांच्या काळ्या बोटाने न थांबता रेघ ओढली. फोन उघडला. त्यांनी तो बंद केला, पुन्हा उघडला, मग तिसऱ्यांदा उघडला, आणि नवऱ्याकडे न बघता म्हणाल्या, "नवसा, माझा फोन चव्वेचाळिसात धर."

त्या संध्याकाळी साक्षीने आपला तक्ता पुन्हा लिहायला घेतला. "काकू, माझं चुकलंच. मी दुकानदाराचे प्रश्न विचारले," ती म्हणाली.

"तुझं अर्धं, माझं अर्धं. हात धुवायला मीच लावले ना?"

सोमवारच्या सभेत नव्या तक्त्याच्या ओळी अशा होत्या : काळे बोट, ऊन, पंप, बोली, पडणे. लाल शेवटी गेला होता. संस्थेचे अधिकारी कॅमेऱ्याबद्दल बोलू लागले, तेव्हा नवसाबाई उभ्या राहिल्या. "साहेब, फोटो चांगला असून बाईला फोनच उघडता नाय आला, तर तो फोटो कोण काढणार? तो आमच्या घरातला दुसरा माणूस काढंल. मग हा फोन त्याला द्या, कंपनीबी त्यालाच द्या." हिरव्याच्या बाजूने चव्वेचाळीस हात वर गेले. त्यांतले कित्येक थेट खुडणीवरून आले होते आणि या वेळी कोणीही ते पदराखाली घेतले नव्हते.

दसऱ्याच्या आठवड्यात झेंडूला मागणी चढली. पहिल्या दिवशी साक्षीने ॲप उघडले, तेव्हा चव्वेचाळीस शेतांतून चव्वेचाळीस नोंदी आल्या होत्या, आणि प्रत्येक नोंद त्या त्या बाईच्या बोलीतली होती. अकराच्या सुमारास एका जुन्या व्यापाऱ्याने सवयीने कारभारींना फोन लावला. कारभारी तेव्हा मालनबाईंच्या शेजारी क्रेट उचलत होते.

"कारभारी, आज काय भावानं देता?"

कारभारींनी फोन कानापासून दूर धरून बायकोकडे पाहिले. मालनबाई खुडतच होत्या. त्यांनी मानही वर केली नाही.

"माल तिचा हाय, शेठ," कारभारी म्हणाले. "भाव तीच सांगंल. तिचा नंबर लिहून घ्या."

मिनिटाभराने मालनबाईंच्या कमरेचा फोन वाजला; हातातली फुले क्रेटमध्ये टाकेपर्यंत तो थांबला. त्यांनी ठिपके जोडले, व्यापाऱ्याला उलट फोन लावला आणि शिवाराला ऐकू जाईल अशा आवाजात भाव सांगितला.