दहापैकी किती

रखमाला कुणीही विचारलं, कशी आहेस, तर तिचं उत्तर ठरलेलं होतं. ‘बरां आसा.’ अंगात ताप असो, पोटात अन्न नसो, माहेरचं कुणी गेल्याचा निरोप तासापूर्वी आलेला असो. आनंदाने तिच्याशी बेचाळीस वर्षं संसार केला. दुसरं उत्तर त्याने फार थोड्या वेळा ऐकलं.

ही सवय खानावळीची. चिंचपोकळीच्या चाळीत, दहा बाय बाराच्या खोलीत, रखमाने एकवीस वर्षं खानावळ चालवली. चौदा जण जेवायला. सगळे गिरणीतले, बायकापोरं कोकणात ठेवून आलेले. दोन पाळ्यांत पंगत बसायची. लग्न होऊन आली तेव्हा सासूने तिला एकच धडा दिला होता. वाढणारीचं तोंड कडू असलं की अन्न कडू लागतं. एकदा उकळती आमटी डाव्या हातावर सांडली. रखमाने हात पदराखाली घेतला आणि उजव्या हाताने चौदा पानं वाढली. फोड आलेत हे लोकांना दुसऱ्या दिवशी दिसलं.

जेवणाऱ्यांचीही एक रीत होती. अन्नाला नाव ठेवायचं नाही. बाई पहाटेपासून चुलीपुढे बसलीय, तिच्या मेहनतीला बोल लावायचा नाही. वसंत नावाचा एक साचेवाला होता, गिरणीत आनंदाच्याच खात्यात मागावर काम करणारा. हात धुताना तो रोज म्हणायचा, “वैनी, आज झकास.” सगळ्यांच्या शेवटी रखमा जेवायला बसे तेव्हा तिला कळे, आमटी खारट झाली होती.

गिरण्या गेल्या, पंगत उठली. आनंदाने साठीपर्यंत लालबागला मसाल्याच्या गिरणीत मिरचीची पोती वाहिली. रखमाने डबे केले. मुलगा हितेंद्र बदलापूरला राहायला गेला. वसंत वारला. त्याची मुलगी दर्शना मात्र शिकली, आणि चिवडा गल्लीच्या मागे एका इमारतीत पहिल्या मजल्यावर अ‍ॅक्युपंक्चरचा दवाखाना टाकून बसली.

दोन वर्षांपूर्वी गणपती गेले आणि आनंदाला सोलकढी वेगळी लागली.

“कढी पातळ झाली गो.”

“नारळ जून निघालो,” रखमा म्हणाली.

दुसऱ्या दिवशी त्याला कचऱ्याच्या डब्यात नारळाच्या दुधाची रिकामी पिशवी दिसली. खोबरं खोवायची आडाळी वरच्या फळीवर गेली होती. आडाळीवर एक पाय दुमडून बसावं लागतं. त्याच्या लक्षात आलं, रखमा गेला महिनाभर खाली बसलेलीच नाही. ओट्याशी उभं राहून जेवते आणि सांगते, काम पडलंय.

तो तिला गल्लीतल्या डॉक्टरकडे घेऊन गेला. एक्सरे निघाला. मणक्यांची झीज, वयाचं दुखणं. गोळ्यांनी पोटात आग पडायला लागली तेव्हा चाळीत कुणीतरी म्हणालं, वसंतची पोर सुया लावते, तिच्याकडे का जात नाही?

बाबुराव शेजारच्या खोलीतला. तो गॅलरीतून म्हणाला, “चिन्यांनी फोन दिला, टीव्ही दिला. आता कंबर पण तिकडचीच बसवणार काय रे आनंदा?”

“तुझी जीभ पण बदलून मिळते काय बघतो,” आनंदा म्हणाला.

दर्शनाने रखमाला पाहिलं आणि आधी पाया पडली. “काकी, तुमच्या हातचा बांगडा खाल्लाय मी. सुट्टीत गावाहून आले की बाबा डब्यातून आणायचे.” रखमाच्या चेहऱ्यावर जे आलं ते आनंदाने हितेंद्राच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. आपल्या पंगतीतल्या माणसाची पोर पांढरा कोट घालून उभी होती.

दर्शनाने एक पांढरं कार्ड काढलं. “आता सांगा, दहापैकी किती दुखतं? शून्य म्हणजे काहीच नाही. दहा म्हणजे याच्यापुढे दुखणं नाही.”

“बाळंतपण किती धरू?”

“ते तुम्ही ठरवा.”

“तां सा धर,” रखमा म्हणाली. “हितेंद्राचं डोकंच मोठं होतं.” तिघंही हसली. मग तिने थोडा विचार केला. “ह्यां सात.”

आनंदाचं हसू थांबलं. बाळंतपणापेक्षा एक जास्त, आणि ही ओट्याशी उभी राहून भाकऱ्या थापत होती.

सुया केसाइतक्या बारीक. बारीकशा नळीतून कातडीवर टेकवायच्या, वरून बोटाने टिचकी. कमरेला, गुडघ्याच्या मागच्या लवणीत, घोट्याशी, अंगठा आणि तर्जनीच्या मधल्या मांसात. दर्शना सुई हलकीच फिरवायची आणि थांबायची. “जड वाटलं काकी? आतून ओढल्यासारखं? हां, धरली सुई.” मग वाळलेल्या पाल्याची एक कांडी पेटवून ती निखाऱ्याचं टोक कमरेजवळ धरायची. कातडीला लावायची नाही, बोटभर अंतरावर ठेवायची. हात जरा वर गेला तर ऊब लागत नाही, खाली आला तर चटका बसतो. अर्धा तास पोर तशी वाकून उभी राहायची. घाम तिच्या हनुवटीवरून ओघळायचा.

“दवणो जळता काय गो?” रखमाने वास घेत विचारलं.

“दवण्याचाच चुलतभाऊ समजा.”

आनंदा बाकावर बसून बघत होता. त्याला काम समजत होतं. एका जागी हात स्थिर ठेवणं हे ओझं उचलण्यापेक्षा कठीण, हे त्याला कुणी सांगायला नको होतं.

त्या दिवशी घरी येऊन रखमा खरंच झोपली. पुढच्या वेळी आकडा पाच, त्याच्या पुढच्या वेळी चार. दर्शनाने आनंदाला घरी दाबायच्या जागा दाखवल्या. “नखाने नाही काका, पेराने. जोर हळू वाढवायचा, दोन मिनिटं धरायचं, हळू सोडायचं.” आनंदाने पेनाने रखमाच्या पायावर ठिपके काढून घेतले. सकाळी आठ, दुपारी एक, संध्याकाळी सात. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून. एकही वेळ त्याने चुकवली नाही. बाबुरावला त्याने गॅलरीत ऐकवलं, “सातावरून चारावर आणली. दोघांनी मिळून.”

चौथ्या खेपेला दर्शना म्हणाली, “सहा वेळा झाल्यावर आकडा चारच्या खाली आला नाही, तर मी सुया थांबवणार. आधी एमआरआय काढायचा. मी हट्ट धरून बसणार नाही.”

हे आनंदाने ऐकलं. रखमानेही ऐकलं.

सहाव्या खेपेला रखमा म्हणाली, “तीन.”

दर्शनाने कार्डावर लिहिलं आणि पेन टेकवून मान मागे टाकली. दमलेल्या माणसाला पाणी मिळावं तसा तिचा चेहरा झाला. आनंदाने घरी जाताना बर्फी घेतली. नंतरचा आकडा तीन, त्याच्या नंतरचा दोन.

आता इथे आनंदाची चूक. ती त्याने स्वतःला कधी माफ केली नाही.

साच्यावर ताण्याचा उभा दोरा जास्त ओढला गेला की डोळ्याआधी बोटाला कळतं. आनंदा गिरणीत असताना खात्याचा मुकादम, जॉबर, येऊन म्हणाला सगळं ठीक आहे, तरी तो बोट लावून बघायचा. बोटाला पटलं तरच पुढे. आणि इथे रोज तीन वेळा त्याचं बोट रखमाच्या पोटरीवर होतं. पोटरी दोरासारखी ताठ लागायची. आठवड्यागणिक जास्त ताठ. घोट्यापाशी तो एवढा जोर द्यायचा तरी ती पाय ओढून घ्यायची नाही. आडाळी फळीवरून खाली आली नव्हती. रखमा दाराची चौकट धरून चपला घालत होती. बोट त्याला सगळं सांगत होतं. पण तिने ‘दोन’ म्हटलं आणि त्याने ‘दोन’ ऐकलं. कारण त्याला दोनच हवे होते.

माघातल्या गणपतीच्या दिवशी ती मोदकाचं भांडं उतरवताना खाली बसली ती उठलीच नाही. पायांत जीव नव्हता. परळच्या हॉस्पिटलात तपासण्या झाल्या. कॅन्सर फुप्फुसातला होता आणि तो कधीचा मणक्यात उतरला होता. तरुण डॉक्टरने आनंदाला बाजूला घेतलं. चार महिने आधी आला असतात तर पाय वाचवता आले असते, कदाचित थोडा वेळही मिळाला असता. आवाज चढवून बोलला असता तर आनंदाला बरं वाटलं असतं. तो हळू बोलला.

दर्शना दुपारी आली. हातात ते पांढरं कार्ड होतं. सात, पाच, चार, चार, चार, तीन, तीन, दोन. ती खाटेशी बसली.

“काकी, खरे आकडे काय होते?”

रखमाने आनंदाकडे बघितलं, मग खिडकीकडे. “पयले तीन खरे.”

“आणि पुढचे?”

रखमाने चादरीची कड दुमडली.

“काकी, मी विचारते ते कळण्यासाठी विचारते ना. चार महिने मी त्या आकड्यांवर हात चालवला. तुम्ही आठ म्हणाला असता तर मी त्याच दिवशी पाठवलं असतं.”

“तू घामान भिजायचंस,” रखमा म्हणाली. “अर्धो अर्धो तास वाकून. आणि हे घराक जाऊन घड्याळ लावून बसायचे. तुमका काय सांगू, फुकट गेला म्हणान?” मग तिने दर्शनाकडे मान वळवली. “तुझो बापूस काय म्हणायचो म्हायत आसा? वैनी, आज झकास. आमटी खारट आसली तरी. वीस वर्षां तो माझ्याशी खोटा बोललो. माका कधी वाईट वाटला नाय.”

दर्शना उठून व्हरांड्यात गेली. आनंदा तिच्या मागे गेला नाही. तो आपल्या अंगठ्याकडे बघत बसला होता.

हॉस्पिटलवाल्यांनी दहा दिवसांनी घरी पाठवलं. दुखण्यासाठी मॉर्फिनच्या गोळ्या होत्या. त्यांनी मळमळ उठायची, अन्न राहायचं नाही. दर्शनाने हॉस्पिटलच्या डॉक्टरना विचारलं आणि मनगटाच्या आतल्या बाजूला, घडीपासून तीन बोटं कोपराकडे, दोन शिरांच्या मधे एक जागा दाखवली. इथे धरलं तर ओकारी कमी होते. आजार जाणार नाही काका, ओकारी तेवढी. आनंदाला तेवढं काम पुरलं. हितेंद्र महिन्याची रजा टाकून आला होता. तो म्हणायचा, बाबा, मी धरतो, तुम्ही पडा. आनंदा म्हणायचा, “तुला जोर कळणार नाही.”

पहिल्याच दिवशी त्याने रखमाला सांगून टाकलं. “आता खरा आकडा सांगायचा. खानावळ बंद झाली. माझ्यासाठी शिजवू नकोस.”

ती थोडी हसली. “आठ.”

आयुष्यात पहिल्यांदा ती त्याला काही मागतेय असं त्याला वाटलं. मग रोज तिने खरं सांगितलं. आठ. नऊ. गोळी लागू पडली की सहा. एकदा पाच म्हणाली आणि पेज मागितली. त्याने पेज केली. मीठ जास्त पडलं. तिने दोन चमचे घेतले आणि तोंड वाकडं केलं.

“खारट,” ती म्हणाली.

आनंदा भांडं घेऊन मोरीत गेला आणि नळ सोडून रडला.

चैत्रात, एका दुपारी, ऊन गॅलरीच्या कठड्यावर आलं होतं. हितेंद्र औषध आणायला खाली उतरला होता. गोळी दिलेली होती, जास्त दुखलं तर द्यायचा तो वरचा डोसही दिलेला होता. आनंदाने तिचं मनगट धरलं आणि विचारलं, “किती गो?”

तिने तोंड त्याच्या कानाशी आणण्याचा प्रयत्न केला. त्याने कान खाली नेला.

“धा,” ती म्हणाली.

एवढंच. तक्रार नव्हती त्या आवाजात. विचारलंस म्हणून सांगते, असं ते होतं. त्याने अंगठा काढला नाही. दोन मिनिटांचा नियम त्याने सोडून दिला. पाऊण तासाने मनगट सैल पडलं. बोटाला कळलं. या वेळी त्याने बोटाचं ऐकलं. हितेंद्र औषधाची पिशवी घेऊन दारात आला तेव्हा बाप मान वर न करता म्हणाला, “चपला बाहेर काढ.”

तेराव्याच्या आदल्या दिवशी दर्शना आली. एवढ्या दिवसांत ती रोडावली होती. दवाखाना आठ दिवस बंद होता, असं बाबुरावने आनंदाला सांगितलं होतं. ती जमिनीवर बसली, फोटोला नमस्कार केला आणि पर्समधून ते कार्ड काढलं. आकड्यांच्या रांगेच्या शेवटी जागा रिकामी होती.

“काका, शेवटी… शेवटी किती होतं?”

आनंदाने तिच्याकडे पाहिलं. वसंतची पोर. अर्धा अर्धा तास वाकून उभी राहिलेली. अंगठ्याला भाजल्याचा जुना काळा डाग, कांडी धरून धरून पडलेला. तिने मेहनत कमी केली नव्हती. कुणीच केली नव्हती.

उत्तर त्याच्या तोंडात आपसूक आलं. किती सोपं असतं ते, हे त्याला तेव्हा कळलं.

“दोन,” तो म्हणाला. “त्या दिवशी तिला बरं होतं.”

दर्शनाने पेन काढलं. लिहिलं. मग तो उठला, फळीवरची आडाळी खाली घेतली, आणि तिला थांब म्हणाला. नारळ फोडलेला होता. आनंदा आडाळीवर बसला. या बैठकीची त्याला सवय नव्हती, गुडघा कळवळला. सोलकढी करायला वेळ लागला. दर्शनाने वाटी तोंडाला लावली.

“कशी झालीय?”

“झकास, काका,” ती म्हणाली आणि सगळी प्यायली.

ती गेल्यावर उरलेली त्याने चाखून बघितली. कोकमं जास्त पडली होती. दातही आंबले.