पहाऱ्यावरच्या कोंबड्या

माझ्या धाकट्या भावाला सगळी वस्ती 'कोंबडीसाहेब' म्हणायची. आरोग्य खात्यात नोकरी, आणि काम काय, तर तळ्याकाठच्या खुराड्यात कोंबड्या सांभाळायच्या. अंड्यांसाठी नव्हे, डासांनी त्यांना चावावं म्हणून.

हसू नका, मीही आधी हसले होते. त्यानेच मला समजावलं. तळ्यावर लांबलांबून पाखरं उतरतात, त्यांतल्या एखाद्याच्या रक्तात तापाचा विषाणू असतो. डास ते रक्त पितो, दुसऱ्या पाखराला चावतो आणि ते पाखरू उडून विषाणू आणखी कुठल्या तळ्यावर पोचवतं. मध्येच एखादा डास माणसाला गाठतो. म्हणून कोंबड्या पहाऱ्यावर. अधूनमधून त्यांचं थेंबभर रक्त तपासायचं, विषाणूची खूण सापडली की वस्तीत लगेच फवारणी. "कोंबडीला काही होत नाही गं ताई," तो म्हणायचा, "आपल्याला आधी कळतं एवढंच."

बोलायचा असं, पण जीव भारी हळवा. एका साली ठमी नावाच्या त्याच्या लाडक्या कोंबडीच्या रक्तात खूण निघाली. खूण निघालेली कोंबडी पुढे पहाऱ्याला चालत नाही, म्हणून त्याच्या वरच्या साहेबांनी तिला हलवलं. कुठे, ते विचारायचा याला धीर झाला नाही. मारलीच असणार, असं धरून बसला. कितीतरी दिवस त्याला जेवण गोड लागेना.

पुढच्या उन्हाळ्यात माझ्याकडे आला. "ताई, तुझी मच्छरदाणी दे ना थोडे दिवस."

"पाहुणे आलेत वाटतं?"

तो मान हलवून हो म्हणाला. मी पलंगावरची काढून दिली. भावाला नाही कसं म्हणणार?

पाहुणे कसले, कोंबड्याच त्या! रोज दिवस मावळताना हा खुराड्यावर माझी मच्छरदाणी पसरायचा आणि सकाळी साहेब यायच्या आत काढून ठेवायचा. रक्त दर वेळी स्वच्छ. तळ्याकाठी कावळे मरून पडू लागले, पण कोंबड्यांवर भरवसा ठेवून साहेब निर्धास्त राहिले. फवारणी झालीच नाही.

आणि मी तापाने फणफणले. शुद्धीवर आले तेव्हा डावा पाय माझं ऐकेना. पायमशीनवर कपडे शिवण्यात उभा जन्म गेलेली बाई मी, आता काजं-बटणं करत बसते.

भावाने आपण होऊन साहेबांना सगळं सांगितलं. साहेबांनी कपाळावर हात मारून घेतला. "अरे, ठमी माझ्या मावशीच्या परसात अंडी घालतेय. विचारायचंस तरी!"

मच्छरदाणी त्याने धुऊन, फाटलेलं सांधून परत आणली. रोज संध्याकाळी येतो, ती बांधतो, चारी बाजू गादीखाली नीट खोचतो. स्वतः मात्र घरी मच्छरदाणीशिवाय निजतो. हात चाव्यांनी भरलेले असतात. मी ओरडले की बाह्या खाली ओढतो.

"मी रागावले नाहीये रे," परवा मी म्हटलं.

"रागाव ना," तो म्हणाला, आणि चपला घालून निघून गेला.

पूर्वी कोंबड्यांच्या गमती सांगून हाच माझं डोकं उठवायचा. पाय गेला तो गेला, त्याचं मी बघून घेईन. माझा तो बडबड्या भाऊ मला परत हवा आहे.