आईची दाढ

परवा माझा जबडा ठणकला म्हणून लवंगेच्या तेलाचा बोळा दाढेत धरला, आणि त्या वासासरशी चिंचवडच्या आमच्या पत्र्याच्या खोलीतली आईची किंकाळी कानात घुसली.

त्या सकाळी तिचा जबडा आणि डावा हात ठणकत होता, अंग घामानं निथळत होतं. लवंगेचं तेल लावूनही उतार पडेना. “दाढ किडलीय,” म्हणत कंपनीत फिटर असलेल्या वडिलांनी पक्कड उकळली. शेजारणींनी तिला दाबून धरलं. वडिलांनी हिसडा मारला. रक्त भिंतीवर उडालं. दाढ धुतली तर पांढरीशुभ्र.

“तिथं न्हाई हो,” आई कण्हली. दुसऱ्या शिफ्टचा भोंगा व्हायच्या आत ती गेली.

बाईचं काळीज जबड्यातूनही ओरडतं, हे कुणी सांगितलं होतं आम्हाला?

बोळा थुंकून मी हॉस्पिटल गाठलं. मलाही हृदयविकाराचा झटकाच होता. शुद्धीवर आले तेव्हा जीभ आधी दाढेवर गेली. दाढ जागेवर होती.