निशिगंधाच्या नावावर

डोंबिवलीचे श्रीपादराव म्हणजे गरीब गाय. कुणाच्या अध्यात ना मध्यात. ठाण्यातल्या एका खाजगी रक्ततपासणीच्या लॅबमध्ये एकवीस वर्षं संगणक सांभाळत होते. वेळेवर येणार, डबा वाटून खाणार, दुसऱ्याचं अडलेलं काम आपलं म्हणून करणार. अशा माणसाबद्दल वाईट बोलायला जीभ रेटत नाही, आणि मला तर त्यांच्याबद्दल तेच सांगायचंय.

लॅबची दिव्यापासून कल्याणपर्यंत बेचाळीस केंद्रं. प्रत्येकाला एकेक संगणक, पण तो ठाण्यातल्या मोठ्या यंत्राच्या पोटात चालणारा. व्हर्च्युअल मशीन म्हणतात तो. पूर्वी नवं केंद्र उघडलं की श्रीपादराव दीड दिवस त्यापुढे बसायचे. भाषा कुठली, वेळ कुठली, पासवर्ड काय, मशीन विचारणार आणि हे उत्तरं देणार. दोन वर्षांपूर्वी त्यांनी सगळी उत्तरं एका फाइलमध्ये लिहून ठेवली. मग काय, नुसतं केंद्राचं नाव टाकायचं, वीस मिनिटांत मशीन आपलं आपण तयार. समोर माणूस लागेना.

हे काम कुणाच्या तरी खात्यातून चालवावं लागतं. श्रीपादरावांच्या स्वतःच्या खात्याचा पासवर्ड दर तीन महिन्यांनी बदलणार आणि मग सगळं अडणार. त्याच आठवड्यात ठाण्यातल्याच बाळकुम गावची निशिगंधा त्यांच्या हाताखाली रुजू झाली होती. त्यांनी तिच्या नावाने एक जादा खातं उघडलं, कधीही न बदलणाऱ्या पासवर्डचं, आणि काम त्याला जोडून टाकलं. तिला सांगायचं राहून गेलं. मनात पाप नव्हतं हो, निव्वळ आळस.

आता त्या खात्याचा पासवर्ड आणि सगळ्या मशीनना दिलेला एकच पासवर्ड, दोन्ही त्या फाइलमध्ये उघडे लिहिलेले. मशीन तयार झालं की त्यात उतरलेली फाइलची प्रत पुसायची, हे त्यांना पाठ होतं. पण एकदा एक मशीन अगदी शेवटाला अडकलं, फाइल तोवर पुसली गेलेली, सगळं पहिल्यापासून करावं लागलं. वैतागून त्यांनी पुसण्याची पायरीच काढली. नंतर लावू म्हणाले, आणि जुन्या केंद्रांची मशीनही तशीच नव्याने बनवली. झालं, बेचाळीस मशीनच्या पोटात चाव्या तशाच पडून राहिल्या.

ऑडिटसाठी दर महिन्याला यादी छापायची. प्रत्येक मशीनपुढे तयार करणाऱ्याचं नाव: निशिगंधा. ती सही करताना हसायची.

"काका, आमच्या सातबाऱ्यावर माझं एकदापण नाव नाय. इथे बघा, बेचाळीस वेळा."

"तू या कामाला आहेस ना, म्हणून येतं ते," श्रीपादराव म्हणायचे आणि विषय बदलायचे.

यंदा एका गुरुवारी यादीत पंचेचाळीस मशीन निघाली.

"ही तीन कुठली गं बनवलीस?"

"मी? मला वाटलं तुम्ही बनवली."

श्रीपादरावांनी नोंदी उघडल्या. आदल्या दिवशी दुपारी, दोघं जेवत असताना, तीन मशीन आपोआप तयार झाली होती. कुणी अडवणार कसं? कुणाला विचारायलाच नको, अशीच तर सोय करून ठेवलेली. त्याआधी दिव्याच्या केंद्राच्या मशीनमधून कुणीतरी उत्तरांची फाइल वाचली होती. चोर घरात शिरला होता आणि निशिगंधाच्या नावाने वावरत होता.

लॅबच्या प्रमुख मृणाल मॅडमची केबिन दहा पावलांवर होती. सगळं बंद करा, चूक माझी आहे, एवढंच जाऊन सांगायचं. नाही सांगितलं तर उद्या निशिगंधाची नोकरी जाणार, हेही त्यांना स्वच्छ दिसत होतं. ते दोनदा उठले आणि दोनदा पाणी पिऊन परत बसले. एकवीस वर्षांचं नाव होतं ना!

"काका, मॅडमना सांगूया का? माझं नाव येतंय ओ."

"सोमवारपर्यंत मी निस्तरतो. तू कुणाला बोलू नकोस. विश्वास आहे ना?"

"तुमच्यावर नाय तर कुणावर?"

त्यांनी ती तीन मशीन उडवली, फाइलमधले पासवर्ड बदलले. पण आधीच तयार झालेल्या मशीनमध्ये जुनाच पासवर्ड होता, तो एकेक करून हाताने बदलायला हवा. शनिवारपर्यंत सोळा झाली. सहज म्हणून पहिल्या मशीनवर परत गेले, तर त्यांनीच टाकलेला नवा पासवर्ड चालेना. चोर अजून आतच असेल, हे मनात येऊ दिलं नाही; आपणच चुकीचा टाकला असेल, म्हणाले. माणूस स्वतःला किती फसवतो बघा. रविवारी घरी पुतण्या साकेतचं केळवण होतं. पानातला घास तसाच राहिलेला पाहून त्यांच्या पत्नी मंदाकिनीबाईंनी विचारलं, तर म्हणाले, पित्त झालंय.

सोमवारी सकाळी संगणकांचे सगळे पडदे काळे. सगळ्यांवर एकच इंग्रजी ओळ, पैसे भरा तर कुलूप उघडू, आणि बेचाळीस केंद्रांवर उपाशीपोटी आलेली माणसं रांगेत उभी. रिपोर्ट, नोंदी, उत्तरांची फाइल, सगळं कुलूपबंद. शाबूत होती ती फक्त कपाटातली गुरुवारची छापील यादी.

मृणाल मॅडमनी ती निशिगंधापुढे सरकवली. "शेवटची तीनही तुझ्याच नावावर आहेत."

"मी नाय बनवली मॅडम. शप्पथ."

तेव्हा कुठे श्रीपादराव बोलले. खातं, फाइल, काढून टाकलेली पायरी, दडवलेले चार दिवस, काही म्हणता काही ठेवलं नाही.

मॅडमनी शांतपणे ऐकलं. "दाखवा ती फाइल."

"आत अडकलीय."

"खातं तुम्ही उघडलंत, याची नोंद?"

"तीपण आतच."

मॅडमचा चेहरा मऊ झाला. "श्रीपादराव, मी काय आज ओळखते तुम्हाला? पोरीसाठी अंगावर घेताय. नका घेऊ. या गाववाल्यांना कसली फिकीर? जमिनी विकून बसलेत. तुमचं पेन्शनचं वय आलं."

"मॅडम, मी खरं सांगतोय."

"पुरे आता. निशिगंधा, कार्ड ठेव टेबलावर. दुपारी पोलीस येतील, त्यांना सांग काय ते."

श्रीपादराव आणखी बरंच बोलले. जितकं बोलले तितकी मॅडमची त्यांच्यावरची माया वाढत गेली.

बाहेर निशिगंधा बाकावर बसली होती. डोळे लाल, मांडीवर डबा. ते समोर जाऊन उभे राहिले.  ती उठली आणि एकदम वाकली.

"एवढ्या माणसांत तुम्हीच माझ्यासाठी खोटं बोललात, काका."

श्रीपादरावांनी पाय मागे घेतले, पण तोवर तिचे हात टेकले होते.