लहान कढईतलं बेसन

प्रमोद गेल्याचं मला ऑफिसच्या जुन्या ग्रुपवर कळलं. कुणीतरी जोडलेल्या हातांचं चित्र टाकलं होतं, त्याखाली आणखी वीस जणांचे हात. आधी वाटलं, कुणाचे तरी वडील गेले असतील. आमच्या वयात आता वडील जातात... वर सरकवून पाहिलं तर प्रमोदचाच फोटो. सेहेचाळीस वर्षांचा माणूस. सकाळी फिरायला गेला, दम लागला म्हणून बाकावर बसला, तो उठलाच नाही. मी त्याचे-माझे जुने मेसेज उघडले. आदल्याच रविवारी त्याने लिहिलं होतं, ‘मेथी आणली. येतो का?’ आणि त्याखाली माझा अंगठा. येतो म्हणून की बरं म्हणून, ते त्या अंगठ्यालाच ठाऊक. गेलो नव्हतो, एवढं खरं. त्याला आता पाच आठवडे झाले आणि मला एका जागी धड बसवत नाही.

प्रमोद विदर्भातला, वणीकडचा, राहायला पुण्याच्या टोकाला धायरीला. मी नारायण पेठेत वाढलेला, लग्नानंतर कोथरूडला आलेला. एका कंपनीत चार वर्षं शेजारी बसूनही आम्ही एकमेकांचा डबा चाखला नव्हता. मग कंपनीने दोघांना दीड वर्षासाठी जर्मनीतल्या एका लहानशा गावी धाडलं, एका फ्लॅटमध्ये. मला चहासुद्धा येत नव्हता, आणि हे मी तेव्हा जरा तोऱ्यातच सांगायचो. पहिला आठवडा पाव आणि चीजवर काढला. दुसऱ्या शनिवारी प्रमोद म्हणाला, “आता बेसन करू. नाही तर मी रडन.” ज्याला आम्ही पिठलं म्हणतो, त्याला तो बेसन म्हणायचा. मी एका तुर्की दुकानातून पिवळं पीठ घेऊन आलो. त्याने चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. “कोथरूड, हे मक्याचं होय.” त्या दिवसापासून माझं नाव कोथरूड पडलं. पीठ मात्र त्याने फेकलं नाही. त्याचंच काहीबाही शिजवलं आणि आम्ही ते चमच्याने निमूट खाल्लं.

पुढे त्याने मला शिकवलं. कांदा कसा धरायचा, मोहरी तडतडेपर्यंत हात कसा आवरायचा, पीठ पेरताना दुसऱ्या हाताने ढवळत कसं राहायचं. फोडणी दिली की छतावरचा धुराचा भोंगा बोंबलायचा. मग मी स्टुलावर चढून टॉवेल फडकवायचा आणि त्याने खालून सूचना द्यायच्या. आमचं भांडण एकाच गोष्टीवरून. माझा हात आपोआप साखरेकडे जायचा. मी त्याची पाठ वळली की चिमूटभर टाकायचो आणि तो पहिल्याच घासाला ओळखायचा.

“साखर कोणं टाकली बे?”

“मी नाही.”

“मंग काय वरच्या मजल्यावरच्या आजीनं येऊन टाकली?”

शिव्या घालायचा, पण पान टाकून उठला नाही कधी. मी बसल्याशिवाय घास घ्यायचा नाही. उशीर झाला, बस चुकली, तरी ताट झाकून बसून राहायचा. पस्तिशी ओलांडल्यावर, परक्या मुलखात, मला पहिल्यांदा कळलं की आपल्यासाठी कुणी जेवायचं थांबतं म्हणजे काय. तसं माझी आई जन्मभर थांबत आली होती. पण ते मला भिंतीवरच्या घड्याळासारखं वाटायचं, असायचंच.

पुण्याला परतलो आणि मी जो ओट्यापासून दूर झालो तो झालोच. प्रमोद एकदा घरी जेवायला आला. माझ्या बायकोने, मेधाने, साग्रसंगीत केलं होतं. त्याने विचारलं, “तू काय केलं यातलं?” मी म्हणालो, “इथे कशाला? इथे सगळे आहेत की.” तो हसला नाही. “म्हणजे तिकडे पोट होतं, इकडे नाही का?” एवढंच म्हणाला आणि भाताला हात घातला. जाताना दारात म्हणाला, “एका रविवारी धायरीला येजो. आपण दोघं करू, पहिल्यासारखं.” मी कबूल केलं. मग आठ वर्षं कबूलच करत राहिलो. कधी पुलाचं काम, कधी लेकाचा क्लास, कधी नुसता कंटाळा. तो विचारायचा, “धायरीलेही व्हिसा लागते का रे?” मी हसण्यावारी न्यायचो. माणूस जिवंत असला की रविवारांना तोटा नसतो, असं वाटतं.

ज्या घरातून माणूस जातो तिथे चूल पेटत नाही; बाहेरून पिठलं-भात न्यायचा, ही आपल्याकडची रीत. मेधा म्हणाली, “त्यांचे लोक वणीहून पोचायला उशीर होईल. मी डबा करते.” मी म्हटलं, मी करतो. तिने ओट्याशी जागा दिली. माझ्याच घरात हिंग कुठे आहे हे मला तिला विचारावं लागलं. पण इतक्या वर्षांनीही पीठ पेरताना गुठळी झाली नाही. डबा मांडीवर धरला, गाडी मेधाने चालवली. पस्तीस मिनिटं लागली. आठ वर्षं ज्याला लांब म्हणत होतो ते अंतर पस्तीस मिनिटांचं होतं.

त्याची मुलगी ओवी, अकरा वर्षांची, आदल्या दिवसापासून जेवली नव्हती. तिची आई वैशाली आग्रह करून थकली होती. मी ताटलीत थोडं वाढून तिच्यापुढे ठेवलं आणि उगाच खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो. तिने एक घास घेतला, थांबली, म्हणाली, “आई, हे कोथरूड बेसन आहे.” आणि सगळं खाल्लं.

मला काही समजेना. मग लक्षात आलं, घाईत हात साखरेच्या डब्यात गेला होता. वैशाली म्हणाली, “भाऊजी, रविवारी ते दोन कढयांत करायचे. मोठ्या कढईत आमचं. लहान कढईत साखर घालून तुमचं. म्हणायचे, आज कोथरूड येईल. तुम्ही आला नाहीत की ते ओवीला... तिला आता तेच आवडतं. आमचं तिखट ती खातच नाही.” तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं, मला उत्तर तरी देता आलं असतं. मी न गेलेल्या रविवारांवर ते पोर वाढलं होतं.

आता मी रविवारी जातो. कुणी बोलावत नाही, मीच जातो. ओट्याशी उभा राहतो, दोन्ही कढया काढतो. ओवी पीठ पेरते, मी ढवळतो. मोठ्या कढईतलं तिखट वैशाली आणि मी खातो. मला ते झेपत नाही, पण खातो. परवा निघताना वैशालीने लहान कढई घासून पिशवीत घालून पुढे केली. “तुमचीच आहे ही, घेऊन जा.” मी पिशवी हातात घेतली, दारापर्यंत गेलो, चपला घातल्या... मग परत आत जाऊन ती ओट्याखालच्या फळीवर ठेवली, होती तिथेच. घरी नेली असती, तर धायरी पुन्हा लांब झाली असती. माझा मला भरवसा नाही.