जिभेवरची हळद

माझ्या सासऱ्यांची जीभ आमच्या अख्ख्या फ्रीगंज मोहल्ल्याला ठाऊक. बँकेतून रिटायर झाले, पण भांडायची हौस काही रिटायर झाली नाही. टावर चौकातल्या पोहेवाल्याशी तर रोजचं, "भैया, सेव डालने में इतनी कंजूसी?"

त्याच जिभेच्या कडेला एक दिवस मला पांढरा चट्टा दिसला. चाळीस वर्षं तंबाखू चघळलेला माणूस! "बाबा, आता चालढकल केलीत तर पुढे जीभच कापावी लागेल," मी तोंडावर सांगितलं. मग स्वयंपाकघरात जाऊन रडले.

मी लॅबमध्ये तपासणीच्या स्लाइड तयार करते. चट्ट्यावरच्या पेशी ब्रशनं खरवडायच्या, त्यांना चमकणारा रंग लावायचा आणि निळ्या प्रकाशात बघायच्या. बिघडू लागलेल्या पेशी जास्त उजळतात, गाठ हाताला लागायच्या कितीतरी आधी.

बाबांची स्लाइड लावली, तर सगळंच पिवळंधमक! आमच्या लॅबचे डॉक्टर म्हणाले, "यातून काही कळणार नाही. तुमचा रंगच बिघडलाय."

माझा रंग? मी स्वतः कालवलेला? डोकंच फिरलं. तणतणत घरी आले आणि सासूबाईंना विचारलं, "आई, बाबांच्या जिभेला काही लावलंत का?"

"हळद-मध. दोन्ही वेळा. तुझ्या मशीनपेक्षा जुनं औषध आहे."

अहो, निळ्या प्रकाशात हळद स्वतःच चमकते! "हद्द झाली, आई!" मी ओरडले आणि हळदीचा डबाच उचलून माळ्यावर ठेवला. चार दिवस घरात पांढरं वरण. बाबांना नुसत्या चुळा.

दुसऱ्या स्लाइडवर सगळं शांत, काळोखं. आणि मधोमध सात-आठ पेशींचा एक पुंजका लखलखत होता. "सापडला चोर!" मी खुर्चीतून उठलेच. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, "रंग चांगला होता हो तुमचा."

मग चट्ट्याचा छोटा तुकडा काढून तपासला, तोच निकाल: कॅन्सरची सुरुवात. पण रोग अजून वरवरच होता. इंदूरला ऑपरेशन करून जिभेची तेवढी कड काढली, टाके घातले. तंबाखू सुटली, जीभ राहिली. तरी महिनाभर बाबा गप्प गप्पच असायचे, आणि ते गप्प घर मला खायला उठायचं.

मग एका रविवारी आम्ही तिघं टावर चौकात गेलो. बाबांनी पोह्यांचा पहिला घास घेतला, हळूहळू चावला. पोहेवाला झारा धरून त्यांच्याकडेच बघत उभा.

"भैया," बाबा खणखणीत आवाजात म्हणाले, "हल्दी ज्यादा है."

सासूबाईंनी मान फिरवली. मी भर चौकात टाळ्या पिटल्या.